लिफ्टना नावं ठेवणाऱ्या बाई

माझी नोकरीची मुलाखत लिफ्टमध्ये झाली.

भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौथ्या मजल्यावर त्या कंपनीचं ऑफिस होतं. मी खाली लिफ्टची वाट बघत उभी होते. शेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात डब्याची पिशवी. पिशवीतून तळलेल्या मासळीचा वास येत होता. लिफ्ट आली, आम्ही दोघी आत शिरलो, दार बंद झालं, आणि बाईंनी ओळखदेख नसताना सुरुवात केली.

"मुलाखतीला ना? प्रोग्रॅमरच्या?"

"हो."

"समज, ही लिफ्ट आत्ता बंद पडली. काय करशील?"

"अलार्मचं बटण दाबीन."

"दाबलंस. कोणी आलं नाही."

"मग इथे नंबर लिहिलाय त्यावर फोन करीन."

"केलास. मी उचलला. बोल."

"मॅडम, मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"कुठल्या?"

आता आली का पंचाईत! इस्टेटचं नाव मला आठवेना. पत्ता मोबाइलमधल्या मेलमध्ये होता आणि मोबाइल पर्सच्या तळाशी. "भांडुपला," मी कशीबशी म्हणाले.

"भांडुपात काय एकच लिफ्ट आसा गो?" बाई खळखळून हसल्या. तेवढ्यात चौथा मजला आला. दारातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "अडकलेल्या माणसाला तो कुठे आहे ते सांगता येत नाही. ते आपल्याला माहीत पाहिजे. बाकी कॉम्प्युटर-बिम्प्युटर मी शिकवीन. सोमवारपासून ये."

मी म्हटलं, "पण मुलाखत?"

"मग आत्ता काय झालं?"

कंपनी लिफ्ट बनवत नसे, दुसऱ्यांनी बनवलेल्या लिफ्ट सांभाळत असे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या कितीतरी सोसायट्या आमच्याकडे होत्या. तक्रार आली की मेकॅनिक पाठवायचा, सुटे भाग पुरवायचे, दर महिन्याला तेलपाणी करायचं. या सगळ्याची नोंद, कुठला मेकॅनिक कुठे आहे, कुठली लिफ्ट कितव्यांदा रुसली, गोदामात काय शिल्लक आहे, हे सांगणारी सिस्टिम बाईंच्या ताब्यात होती. पदाचं नाव भलंमोठं इंग्रजी होतं. ऑफिसमध्ये त्यांना सगळे बाई म्हणत आणि मेकॅनिक मंडळी 'बाय'. वडील मालवणातून येऊन गिरणीत लागले आणि गिरणी बंद झाल्यावर भांडुपला टेकडीवर घर करून राहिले, एवढं त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. गणित घेऊन शिकल्या, मग कॉम्प्युटर शिकल्या. रागावल्या किंवा खूश झाल्या की मालवणीवर यायच्या. मधल्या अवस्थेत त्या फारशा नसायच्याच.

बाईंना केबिन होती, पण तिच्यात झेरॉक्सचे कागद आणि मेकॅनिकांचे रेनकोट राहायचे. बाईंचं टेबल तक्रारी घेणाऱ्या मुलींच्या रांगेत, चहाच्या मशीनशेजारी. कंपनीचे मालक, आमचे शेठ, एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही हेड आहात. जरा आत बसा ना." बाई म्हणाल्या, "आत मला काय ऐकू येणार?"

आम्हा प्रोग्रॅमरांना त्यांचा एक कडक नियम होता. मंगळवारी कीबोर्ड बाजूला ठेवून हेडफोन लावायचा आणि तक्रारी घ्यायच्या. पहिल्या मंगळवारी मला एका गृहस्थांचा फोन आला. "लिफ्ट आलीय, पण दार उघडत नाहीय. आतून सासूबाई बोलतायत." मी स्क्रीनवरच्या फॉर्मप्रमाणे विचारलं, "सर, आपला ग्राहक क्रमांक?" ते म्हणाले, "सासूबाईंचा?" पलीकडून त्या म्हातारीचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि ती जावयाबद्दल जे बोलत होती ते इथे लिहिता येणार नाही.

मी फोन ठेवला तेव्हा बाई मागे उभ्या होत्या. "त्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न कुठला आहे?"

"ग्राहक क्रमांक."

"का?"

"तशीच रचना आहे, बाई."

"कोणी केली?"

ती रचना आधीच्या एका नामांकित सल्लागारांनी केली होती. क्रमांक, कराराचा प्रकार, मग तक्रारीचा प्रकार निवडायला इंग्रजी नावांची एवढी लांब यादी की मुली सरळ शेवटचं 'इतर' निवडायच्या. शेठच्या टेबलावर दर महिन्याला जो रंगीत तक्ता जायचा त्यात आमच्या लिफ्टना होणारा सगळ्यात मोठा रोग 'इतर' होता. बाईंनी त्या आठवड्यात माझ्याकडून तो सगळा फॉर्म पाडून घेतला. नव्या फॉर्मवर दोनच प्रश्न राहिले. आत कोणी आहे का? आणि कुठली लिफ्ट? बाकीचं सगळं सिस्टिमने स्वतः शोधायचं किंवा मेकॅनिकने नंतर भरायचं.

पण 'कुठली लिफ्ट' हा प्रश्न सुटेना. प्रत्येक लिफ्टला नंबर होता, लांबलचक, अक्षरं-आकड्यांचा. अंधारात, घाबरलेल्या माणसाने तो वाचायचा तरी कसा? तेव्हा बाईंनी लिफ्टना नावं ठेवली.

खरीच नावं. सुरमई, बांगडा, रावस, हलवा, मांदेली. ठळक देवनागरी अक्षरांत, अंधारात चमकणाऱ्या स्टिकरवर. तुम्ही फक्त म्हणायचं, "मी रावसमध्ये अडकलोय," की स्क्रीनवर इमारत, रस्ता, आधीचा सगळा इतिहास आणि जवळचा मेकॅनिक. भांडुप आणि कांजूरमध्ये ही योजना झकास चालली. पोरं लिफ्टची वाट बघताना "बांगडा आला, बांगडा आला" ओरडायची.

मग घाटकोपरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी थेट ऑफिसात आले. कपाळावर केशराचा टिळा, आवाजात कंप. "मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये कांदासुद्धा येत नाय. आणि तुम्ही लिफ्टमध्ये बोंबील लावला?"

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या डोक्यात ही शक्यताच आली नव्हती. त्यांनी कान पकडले, सेक्रेटरींना बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "मग काय आवडेल तुम्हाला?" ते जरा विरघळले. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "खांडवी चालेल." त्या दुपारी दोघांनी मिळून घाटकोपरच्या सगळ्या लिफ्टना नावं दिली. ढोकळा, फाफडा, मोहनथाळ, घारी. जाताना सेक्रेटरी हळूच म्हणाले, "जुन्या विंगची लिफ्ट बहु स्लो आहे. तिला श्रीखंड द्या."

मोठी फजिती मात्र 'तिसऱ्या'ने केली. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, बाईंचा जीव की प्राण. नाहूरच्या एका लिफ्टला त्यांनी हौसेने ते नाव दिलं. एके दिवशी फोन आला, "मी तिसऱ्यामध्ये अडकलोय." फोनवरची मुलगी नवी, विदर्भातली. तिने विचारलं, "कुठल्या इमारतीच्या तिसऱ्या लिफ्टमध्ये?" त्यांनी इमारत सांगितली आणि तिने मेकॅनिक पाठवला, तिसऱ्या लिफ्टकडे. थोड्या वेळाने मेकॅनिकचा फोन. "बाय, इथे दोनच लिफ्ट आहेत. तिसरी कधी बांधली?" अडकलेला माणूस सुखरूप निघाला, पण वैतागून निघाला. बाईंनी स्वतः जाऊन त्याची माफी मागितली, स्टिकर खरवडला आणि परत येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, "चूक माझी. खाण्याच्या नादात वाट लावली."

'डेटा' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, "डेटा असं सांगतो की..." की बाई लगेच, "कोणाचा?" "म्हणजे, मॅडम, सिस्टिममधला." "तो सिस्टिममध्ये कोणी घातला? कधी? घालताना त्याला घरी जायची घाई होती का?" बाईंना सादरीकरण वगैरे अजिबात जमत नसे. त्यांच्या मेलही एका ओळीच्या. 'झालंय. जाऊन बघा.' आणि रागावल्या की समोर शेठ आहेत का पाहुणे, हे त्यांना दिसत नसे. मुंबईतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस त्यांना एकदा म्हणाला, "मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये माणसाची ढवळाढवळ शून्य आहे." बाईंनी त्याच्या हातात त्याची बॅग दिली. "मग माणसं बाहेर कोण काढणार? तुझी सिस्टिम?"

शेठ आणि बाई यांचं खरं भांडण झालं ते हिरव्या रंगावरून.

ऑफिसच्या भिंतीवर मोठा स्क्रीन होता. प्रत्येक तक्रारीचा एक चौकोन. नवी तक्रार लाल, मेकॅनिक निघाला की केशरी, काम झालं की हिरवा. शेठ रोज सकाळी येऊन त्या हिरव्या भिंतीकडे देवाकडे बघावं तसं बघायचे. मेकॅनिकने आपल्या मोबाइलवर 'काम झालं' दाबलं की चौकोन हिरवा व्हायचा, आणि ज्याचे चौकोन भराभर हिरवे त्याला महिन्याच्या शेवटी बक्षीस. मग काय, पोरं बाइकवरूनच बटण दाबायची. लिफ्ट बंद, लोक जिने चढतायत आणि आमची भिंत हिरवीगार.

बाईंच्या हे लक्षात आल्यावर शेठ म्हणाले, "कोण कोण खोटं बोलला, मला नावं द्या."

"नाही देणार," बाई म्हणाल्या. "खोटं बोलायचं बटण आपणच त्यांच्या हातात दिलंय."

त्यांनी ते बटणच काढून टाकलं. आता काम संपलं की आमच्याकडून तक्रार करणाऱ्याला फोन जायचा. "झालं का?" तो 'झालं' म्हणाला तरच हिरवा. दुसऱ्या दिवशी शेठ आले आणि दारातच थबकले. भिंत लाल-केशरी.

"बाई! सगळं लाल झालं!"

"लाल आधीपासून होतं, शेठ. आता दिसतंय."

शेठ माणूस वाईट नव्हता. वडिलांनी उभी केलेली कंपनी होती आणि लिफ्ट बनवणाऱ्या बड्या कंपन्या आता देखभालही स्वतःच घ्यायला लागल्या होत्या. सोसायट्या एकेक करून सुटत होत्या. अशात मुलुंडच्या एका बिल्डरने आपल्या नव्या टॉवरांसाठी आम्हाला विचारलं. त्यांचे एक साहेब आमची सिस्टिम बघायला येणार होते. हे काम मिळालं तर कंपनी तरणार होती, नाही तर मेकॅनिक कमी करावे लागणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं. शेठ बाईंच्या टेबलापाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "एका दिवसापुरतं तरी जुनं बटण परत लावा ना."

बाईंनी समोरच्या लाल-केशरी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शेठ, त्यांना हिरवी भिंत दाखवली आणि ते आले, तर रोज हिरवीच दाखवावी लागेल. मला जमणार नाही." शेठ आपल्या केबिनमध्ये परत गेले. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही, एवढंच मला आठवतं.

साहेब आले. तुळतुळीत टक्कल, हातात टॅब, चेहऱ्यावर एकही रेघ हलत नाही. बाई सिस्टिम दाखवायला उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे केशरी चौकोनांची भिंत. "हे केशरी काय?" साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला. बाई तोंड उघडणार तोच एक चौकोन लाल झाला. आत माणूस असेल तर फोन स्पीकरवर घ्यायचा, अशी त्यांचीच पद्धत. त्यांनी तो तिथेच, सगळ्यांसमोर, घेतला.

"आत कोणी आहे का?"

"आहे ना! मी आहे!" तरुण आवाज, घामाघूम झालेला. "मी नवरदेव आहे!"

हॉलमध्ये सगळे ताठ झाले.

"आत आणखी कोण?"

"मामा आणि माझी बहीण. ताई, खाली बँड थांबलाय, मुहूर्त जवळ आलाय, प्लीज..."

"कुठली लिफ्ट?"

"सुरमई!"

साहेबांनी टॅबवरून मान वर केली. "काय म्हणाला तो?"

"सुरमई," शेठ कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

स्क्रीनवर सगळं उघडलं होतं. भांडुपची इमारत, याच लिफ्टच्या दाराच्या सेन्सरने आधीही त्रास दिला होता त्याची नोंद, तो सेन्सर आपल्याकडे शिल्लक असल्याची खूण, आणि दिनेश नावाचा मेकॅनिक त्याच रस्त्यावर, पुढच्या सोसायटीत. बाईंनी दिनेशला निरोप धाडला आणि मला खूण केली. मी गोदामातून सेन्सर पाठवायला पळाले. परत आले तेव्हा बाई खुर्ची ओढून फोनपाशी बसल्या होत्या, घरच्या कोणाशी बोलावं तशा.

"पंखा चालू आहे ना? मग घाबरू नका. दार ओढू नका. दिनेश पोचतोय. नवरीचं नाव काय?"

"सायली."

"उखाणा पाठ केलाय?"

"केला होता. आता सगळा विसरलो."

"मग नवा कर. वेळ आहे तुझ्याकडे."

आतून कुजबुज ऐकू आली, बहिणीचं हसणं, मामांचं "बोल रे, बोल!" आणि मग नवरदेवाने घसा खाकरला.

"दार नाही उघडत, पंखा फिरतो गरगर,
सायलीचं नाव घेतो, मेकॅनिक पाठवा लवकर!"

हॉलमध्ये हशा उसळला. तक्रारी घेणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. टॅबवाल्या साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ पहिल्यांदा हलली. तेवढ्यात स्पीकरवर खडखड, दिनेशचा आवाज, "सरका, सरका मागे," दार उघडल्याचा आवाज आणि एकदम बँड. फोन कट.

शेठनी श्वास सोडला. "झालं. आता हिरवं करा."

"नवरदेवाला विचारल्याशिवाय कसं?" बाई म्हणाल्या.

फोन लावला. नवरदेव उचलेना. उचलणार कसा? तो वरातीत. सिस्टिम दर थोड्या वेळाने पुन्हा फोन लावत राहिली आणि चौकोन केशरीच. सादरीकरण पुढे सरकलं. सुटे भाग, मेकॅनिकांचे रस्ते, बिलं. पण बघणाऱ्या सगळ्यांची नजर त्या एका केशरी चौकोनावर. साहेब मध्येच म्हणाले, "अजून नाही?"

"बोहल्यावर असेल," बाई म्हणाल्या.

"पण तुमचा मेकॅनिक सांगतोय ना, काम झालं?"

"तो सांगतोय. अडकला होता तो नाही सांगत. हे बाकीचे केशरी आहेत ना, तेही असेच. काही खरंच बिघडलेत, काहींना आम्ही विचारतोय." मग बाईंनी कुठली तक्रार का रखडली, कुठे आमचंच चुकलं, ते एकेक सांगून टाकलं. शेठनी डोळे मिटून घेतले होते.

जेवणं आली. साहेबांनी पुरीचा घास हातात तसाच धरला आणि म्हणाले, "मामांचा नंबर नाही का? मामाला लावा."

दिनेशला सांगून लग्नघरातून नंबर मिळवला आणि मामांना फोन लावला. पलीकडे मंगलाष्टकं, ती संपत आलेली, आणि मग ताशांचा एकच कडकडाट. मामा ओरडले, "कोण?"

बाई त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या, "झालं का?"

"झालं! झालं! अक्षता पडल्या!"

चौकोन हिरवा झाला. साहेबांनीच पहिली टाळी वाजवली, पुरीच्या तेलकट हाताने.

सगळे टॉवर काही मिळाले नाहीत. एकच मिळाला. "वर्षभर बघू," म्हणाले. पण त्या एका टॉवरने आम्हाला श्वास घ्यायला जागा दिली आणि एकाही मेकॅनिकला जावं लागलं नाही. शेठनी मेकॅनिकांचं बक्षीस रद्द न करता सोसायट्यांच्या 'झालं'वर लावलं. तेही बाईंना न सांगता, त्यामुळे बाई दोन दिवस त्यांच्याशी गोड बोलत होत्या आणि शेठ घाबरून होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खाली इस्टेटच्या फाटकात ढोल वाजायला लागला. आम्ही खिडकीशी धावलो. नवरदेव, त्याच्याबरोबर हिरव्या चुड्याची नवरी, मामा, बहीण आणि लाडवांचे खोके. देवदर्शनाला निघाले होते, वाटेत आमच्याकडे वळले. नवरी वर आली ती थेट विचारत, "त्या ताई कुठल्या?"

कोणीतरी बाईंना पुढे ढकललं. सायलीने त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं, स्पोर्ट्स शूजसकट. "माझं नाव यांनी पहिल्यांदा घेतलं ते मांडवात नाही, तुमच्यासमोर. तेव्हा मीपण इथेच घेणार." आणि तिने घेतलं. तिचा उखाणा लांबलचक होता, त्यात महादेव होता, चांदीचं ताट होतं, सासरची सगळी माणसं होती. यमक दोनदा चुकलं आणि प्रत्येक वेळी मामांनी ते ओढूनताणून सरळ केलं.

मग ढोलवाला वर आला आणि बाई नाचल्या. साडीचा पदर खोचून, शेठना हाताला धरून ओढत, टेबलं सरकवून. शेठना नाचता येत नव्हतं, ते फक्त टाळ्या वाजवत गोल फिरत होते. दिनेश टेबलावर चढला होता. घाटकोपरचे सेक्रेटरी कसल्याशा कामाला आले होते, ते दारात उभं राहून बघत राहिले आणि मग तेही आत आले. फोन वाजत होते, मुली एका कानाने तक्रारी घेत होत्या आणि पायाने ठेका धरत होत्या.

मंडळी गेल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. धाप लागली होती, कुंकू कपाळावर पसरलं होतं, हातात अर्धा लाडू. मी त्यांच्या शेजारी बसले. मला आपलं वाटलं, एवढी सुंदर गोष्ट कुठेतरी राहायला पाहिजे. म्हटलं, "बाई, त्या तक्रारीच्या शेऱ्यात हे सगळं लिहून ठेवू का? फोटो पण जोडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसत हसत मान हलवली.

"नको गो बाय. सगळाच मशिनीक कशाक सांगूक होया?"

आणि उरलेला लाडू मोडून त्यातला मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.